रिकाम्या गाडीचा दस्तूर

रेणुकादासचा डावा हात ट्रकच्या फाळक्याखाली ठेवला, तेव्हा तो हसला. त्याला वाटलं, नुसती भीती घालून राहिलेत. शिकलेल्या घरातला माणूस. बाप मास्तर, भाऊ मास्तर. ह्यालाच तेवढी धंद्याची खाज, म्हणून औशात चार गाड्या घेऊन बसलेला. अशा लोकांना वाटतं, मारामारी ही बोलायची गोष्ट असते. व्यंकटीनं फाळका सोडला. लोखंडी पट्ट्या मारलेलं ते जड लाकूड धाडकन खाली आलं. रेणुकादासचं हसू तोंडावर तसंच राहिलं, आवाज मात्र बोकडाचा निघाला.

"सही उजव्यानं करता ना काका?" व्यंकटी म्हणाला. "म्हणूनच डावा घेतला. इचार करून काम असतंय आमचं."

भर दुपार होती. आवारात हमाल होते, समोर पानटपरी होती, टपरीवर माणसं होती. सगळ्यांना एकदम पान खायची तल्लफ आली.

व्यंकटीचे मालक गुरुपादप्पा किंकाळी चालू असताना कधी आत येत नसत. ते चौकातल्या हॉटेलात बशीत चहा ओतून फुंकत बसत. आवाज थांबला की येत. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, एका हातात शाल, दुसऱ्यात नारळ. आल्या आल्या त्यांनी रेणुकादासला पोटाशी धरलं. "येनप्पा हे? काय हो मास्तर, गाडीचं काम जपून करावं माणसानं." मग शाल घातली. मग पेढा भरवला. दातखीळ बसलेल्या तोंडात पेढा जात नव्हता, तो बोटानं आत ढकलला.

गाड्या लिहून दिल्याच्या कागदावर सही झाली तरी अप्पा त्याला खरं मानत नसत. त्यांचा दस्तूर वेगळा. प्रत्येक ट्रकच्या कपाळावर मालकानं काहीतरी नाव रंगवलेलं असतं. लेकीचं, आईचं, कुलदैवताचं. ते नाव पुसायचा पहिला फटकारा जुन्या मालकानं स्वतः मारायचा. पेंटर लाल रंगाचा डबा घेऊन उभा असे. मालकानं ब्रश बुडवायचा आणि आपल्याच लेकीच्या नावावर ओढायचा. मग पेंटरनं वर लिहायचं, 'बसम्मा'. बसम्मा म्हणजे अप्पाची आई. बसम्मा रोडलाईन्स.

"बापानं हातानं दिली तर ते लग्न," अप्पा सांगत. "आपण उचलून आणली तर ते पळवणं. पळवलेली सून घराला लाभत न्हाई."

रेणुकादासनं 'मालविका'वर ब्रश ओढला. तेव्हा तो रडत नव्हता. रडायला दम लागतो.

"ह्याला मर्जर म्हणतात अप्पा," अप्पाचा पोरगा गुरुलिंग गाडीत बसता बसता म्हणाला. तो पुण्याहून मोठा कोर्स करून आला होता आणि इस्त्रीचा शर्ट घालून मारामारीला यायचा.

"म्हणू दे की. आमच्या निलंग्याकडं गिळणं म्हणत्यात." अप्पा व्यंकटीकडं वळले. "चांगलं केलास. पुढची गाडी तुझी."

पुढची गाडी तुझी. हे वाक्य व्यंकटीनं निलंग्याला ऐकलं होतं, उदगीरला ऐकलं होतं, अहमदपूरला ऐकलं होतं. दर वेळी एखादा धंदा गिळला की अप्पा ढेकर दिल्यासारखं हे वाक्य देत. तरी व्यंकटी ते दर वेळी खरं मानायचा. त्याला जगात एकच गोष्ट पाहिजे होती. एक गाडी, स्वतःची, आणि तिच्या कपाळावर त्याच्या पोरीचं नाव. शिवगंगा.

पोरगी त्र्याण्णवच्या भूकंपात गेली होती. त्या पहाटे व्यंकटी दुसऱ्याच्या ट्रकवर किन्नर, म्हणजे क्लीनर होता, सोलापूरला माल उतरवत होता. औशाच्या खालचं त्याचं गाव. परत आला तर गाव नव्हतं. दगडमातीची जाड भिंतींची घरं ज्यांनी बांधली, त्यांच्याच छातीवर बसली होती. बायको लवकर सापडली. पोरगी सापडेना.

तेव्हा नांदेडहून एक खटारा ट्रक आला. हौद्यात भाकरी. कुठल्यातरी वस्तीतल्या बायांनी रातभर थापलेल्या. आणि गावातले दोघं-तिघं, आपल्या मढ्यांच्या उशाला बसलेले, विचारत होते, भाकरी कोणाच्या घरच्या आहेत म्हणून. घरं पडली, जात तेवढी उभी राहिली. तिला कुठला भूकंप लागत नाही. व्यंकटीनं भाकरी घेतली. भाकरी वाटून झाल्यावर ट्रकवाला परत गेला नाही. अश्वजित त्याचं नाव. त्यानं गाडीतली टामी काढली, ती चाक खोलायची लोखंडी पहार, आणि व्यंकटीच्या घराचे दगड उपसायला लागला. शिवगंगा त्यालाच सापडली. त्यानं तिला लगेच बापाच्या हातात दिलं नाही. आधी तिच्या तोंडावरची माती काढली. नाकातली, पापण्यांवरची. मग दिलं.

त्याच दिवसांत अप्पाच्या गाड्याही येत. येताना मदतीची ब्लँकेटं घेऊन, जाताना पडक्या घरांच्या सागवानी तुळया आणि दारं घेऊन. ब्लँकेटंही सगळी उतरत नसत. व्यंकटीनं स्वतःच्या घराची तुळई अप्पाच्या हौद्यात चढताना पाहिली. राग यायला पाहिजे होता. अप्पानं खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "स्टेअरिंगवर बसतोस का?" तो बसला. भाकरी देणाऱ्याच्या मागं माणूस जात नाही, स्टेअरिंग देणाऱ्याच्या मागं जातो. हे वाईट आहे, पण आहे.

पुढं सरकारनं नवी गावं बांधायला काढली. सिमेंट, वाळू, पत्रे, सगळं बसम्माच्या गाड्यांतून. मढ्यांवर धंदा उभा राहिला म्हणतात ते उगाच नाही. आणि गावं बांधून झाली तोवर लातूरला दुसरंच पीक आलं. आधी लातुरात तूर यायची, आता पोरं यायला लागली. दहावी झाली की लोखंडी ट्रंक आणि गादी घेऊन पोत्यासारखी उतरायची. डाळ मिली बंद पडत होत्या आणि त्याच शेडवर मजले चढवून क्लासेस उघडत होते. बाकडी, कॉट, प्लायवूड, गाद्या, पुन्हा बसम्माच्याच गाड्या. अप्पाच्या यार्डाला लागून जी मिल होती, तिथंही तीन मजली क्लास झाला. खिडक्या थेट यार्डात. मास्तर वर माईकवर शिकवायचा आणि खाली व्यंकटी नव्या पोरांना शिकवायचा, टामी कुठं मारली की हाड मोडतं आणि माणूस मरत नाही.

सगळं गिळून झालं. नांदेड राहिलं.

हैदराबादची एक मोठी कंपनी अख्ख्या मराठवाड्याचं काम एका नावाला देणार होती. अट एकच, नांदेडच्या मोंढ्यात, तिथल्या धान्यबाजारात, दुसरं नाव दिसता कामा नये. तिथले छोटे मालक व्यंकटीनं महिन्याभरात वळवले. कुणाचा गुडघा, कुणाच्या गाडीची काच, कुणाला नुसतं नाव ऐकूनच ताप आला. राहिला एक. दोन गाड्यांचा मालक. एका गाडीच्या कपाळावर 'कोंडाबाई', दुसरीच्या 'बुद्धप्रिया'.

अश्वजित.

व्यंकटी एकटाच गेला. मोंढ्याच्या कडेला लिंबाखाली चहाचा गाडा होता, तिथं अश्वजित आणि त्याची म्हातारी आई कोंडाबाई बसलेली.

"या, या," अश्वजित म्हणाला. "टामी कुठंय?"

"गाडीत ठिवली, दादा."

"मग आधी चहा घे. मार खायचा तर पाव्हण्याला उपाशी कशाला ठेवू."

कोंडाबाईनं व्यंकटीला निरखलं. "हाच का रे तो? औशाकडचा?" मग त्याच्याकडं बघून म्हणाली, "मारक्या बैलावानी फिरतोस म्हणे गावोगाव. जेवलास का?"

"जेवलो, आजी."

"खोटं. ताटावरनं उठलेल्या माणसाचं तोंड असं न्हाई दिसत." तिनं फडक्यातली भाकरी काढून त्याच्या हातावर ठेवली, वर तिखटाचा गोळा. तो खात राहिला, कारण दुसरं काय करावं हे त्याला सुचेना.

"दादा, देऊन टाक," तो शेवटी म्हणाला. "तुला अंगाला धक्का लागू देणार न्हाई मी. भाव पण चांगला देतील."

"तुला काय भेटणार?"

"एक गाडी. ही शेवटची खेप. ह्या दोन्हीतली एक माझी, अप्पा म्हणले."

"नाव काय लिहिणार?"

व्यंकटी भाकरीकडं बघत राहिला. अश्वजितला उत्तर माहीत होतं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"व्यंकट्या, ऐक. माझा बाप ह्याच मोंढ्यात पोती उचलायचा. आडत्याच्या ओट्यावर टेकायची सोय नव्हती त्याला. उन्हात उभा राहायचा. त्याच मोंढ्यात मी आज लाइनीत पयला नंबर लावून राहिलोय. माझी पोरगी लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला हाय. आणि तू म्हणतोस, ब्रश घे आन् पोरीचं नाव पूस."

"मी न्हाई म्हणत. अप्पा म्हणतात."

"मग अप्पाला पाठव. तू कशाला आलास? तुझ्या हातात तर मी येक लेकरू दिलं होतं."

ह्यावर व्यंकटी उठला आणि गेला. उरलेली भाकरी हातातच होती.

आता लाइनीचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मोंढ्यात माल लागतो तो नंबरानं. गाड्या एकामागं एक उभ्या राहतात, पहिल्या नंबराला पहिला माल. कधी दोन दिवस, कधी आठवडा. नंबर धरून ठेवायचा तर केबिनमध्ये घरचं माणूस पाहिजे. माणूस आत असलं की बाहेरच्या आरशाला टॉवेल बांधायचा. टॉवेल दिसला की त्या गाडीला कुणी हात लावायचा नाही, सख्खा वैरी असला तरी. टॉवेल नसला तर गाडी रिकामी. रिकाम्या गाडीला मागच्यानं ढकलून लाइनीबाहेर काढावी, तिचा नंबर गेला, तक्रार नाही. आणि टॉवेल नसलेल्या केबिनमध्ये डोकावून बघायचं नाही. डोकावला तो चोर, डिझेल नाहीतर बॅटरी चोरायला आलेला. निजामाच्या काळापासून बैलगाड्यांचा हाच दस्तूर होता म्हणतात, तेव्हा जुवाला पटका बांधत. कायदा कुणी पाळत नाही, दस्तूर सगळे पाळतात.

त्या आठवड्यात तेलमिलचा माणूस येणार होता. लाइनीत जो पहिला उभा असेल त्याच्याशी हंगामभराचं बोलणं करणार होता. पहिली उभी होती 'कोंडाबाई'. दुसरी गाडी घरी दुरुस्तीला. अश्वजित दिवसरात्र केबिनमध्ये. टॉवेल आरशाला.

"त्याचा पाय काढा," गुरुलिंग म्हणाला.

"माणसाला हात लावायचा न्हाई," व्यंकटी म्हणाला. तो असं कधी बोलत नसे, म्हणून अप्पानंही मान वर केली. "गाडी काढतो लाइनीतून. दस्तुरानं काढतो. नंबर गेला की हंगाम गेला, हंगाम गेला की आपोआप येतोय."

"आणि न्हाई आला तर?"

"गाडीच ठिवत न्हाई."

"आयतु," अप्पा म्हणाले. झालं, ठरलं. "कर तुझ्या मनानं. गाडी तुलाच घ्यायचीय शेवटी."

दया म्हणतात ती अशी. माणूस वाचवायचा म्हणून गाडी मारायची. व्यंकटीला त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी आपण चांगलं काहीतरी करतोय असं वाटत होतं.

मे महिन्याचं ऊन. डांबर बुटाला चिकटत होतं. व्यंकटी सकाळपासून लाइनीच्या मागं बसम्माच्या दहाचाकी गाडीत बसून होता. दुपारी अश्वजितची पोरगी आली, हातात ट्रंक. सुट्टी संपवून लातूरला निघालेली. अश्वजित केबिनमधून उतरला. आरशाचा टॉवेल सोडून त्यानं खांद्यावर टाकला, ट्रंक डोक्यावर घेतली आणि बापलेक एसटी स्टँडकडं गेले.

आरसा मोकळा. लाइनीतल्या सगळ्यांनी पाहिलं. मोकळा आरसा सगळ्यांनाच दिसतो.

दस्तूर सांगतो, हातानं ढकला. दहा चाकानं ढकला असं दस्तूर सांगत नाही. लाइनीच्या डाव्या अंगाला जमीन उतरती होती आणि खाली दगडानं बांधलेला खोल नाला. दुसऱ्या कुणी चार माणसं बोलावून गाडी कडेला घेतली असती. पण कडेला घेतलेली गाडी उद्या पुन्हा लाइनीत येते. व्यंकटीला हे संपवायचं होतं. त्यानं मधल्या गाड्यांच्या बाजूनं आपली गाडी काढली, पहिल्या नंबराच्या उजव्या अंगाला तिरकी आणली आणि पाय दाबला.

पत्रा पत्र्यात घुसला. 'कोंडाबाई' आधी हलली नाही, हँडब्रेक ओढलेला होता. त्यानं मागं घेऊन पुन्हा मारली. ह्यावेळी ती सरकली, टायर घासत, रबराचा वास सोडत, आणि उतारावर तिचं तोंड फिरलं. मग ती आपल्याच वजनानं गेली. काठावर क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि केबिनवर पडली. हौदा वरून येऊन आदळला. आवाज संपला तेव्हा आतून दुसरा आवाज आला.

बाईचा.

व्यंकटी गाडीतून पडत-उठत नाल्यात उतरला. केबिन चपटी झाली होती. त्यानं टामी घातली आणि पत्रा उचकटायला लागला. पत्र्यानं तळहात फाटला, त्याला कळलं नाही. सीटच्या मागच्या फळीवर, ड्रायव्हर झोपतात तिथं, कोंडाबाई होती. दोन्ही पाय इंजिनाखाली गेलेले. छाती एका बाजूनं आत बसलेली. लुगडं डिझेलनं भिजलेलं. तिला बाहेर ओढली तेव्हा पाय तिच्या मर्जीनं आले नाहीत, कातड्यानं लोंबत आले.

तिनं डोळे उघडले. समोर कोण आहे हे तिला कळलं नसावं.

"नंबर गेला का रं बाबा?"

"न्हाई आजी," व्यंकटी म्हणाला. "पयलाच हाय."

ती मेली. काठावर सगळी लाइन जमली होती. कुणी खाली उतरत नव्हतं. एक पांढऱ्या मिशांचा ड्रायव्हर होता, पन्नास वर्षं स्टेअरिंगवर घालवलेला. तो म्हणाला, "टॉवेल नव्हता."

मग दुसरा म्हणाला, "न्हाई, टॉवेल नव्हताच." मग सगळेच म्हणायला लागले. एक म्हातारी मातीमोल होऊन पडली होती आणि मोंढा फैसला देऊन मोकळा झाला होता. पोलीस आले, त्यांनी ब्रेक फेल झाला असं लिहिलं. तेही सोपं गेलं.

अश्वजित स्टँडवरून परत आला तेव्हा खांद्यावर तोच टॉवेल होता. त्यानं आईकडं पाहिलं. मग कुणाकडंच न बघता म्हणाला, "पहाटंच येऊन मागं आडवी झाली होती. मी म्हणलं होतं, तुझ्यासाठी बांधून जातो. ती म्हणली, मी काय गडी हाय का? बाईमाणूस गाडीत बसलंय म्हणून आरशाला ध्वज लावतोस का, लोक हसतील."

खरंच. दस्तूर करणाऱ्यांच्या डोक्यात केबिनमधली बाई कधी आलीच नव्हती. टॉवेल गड्याचा, नंबर गड्याचा. बाईनं धरलेला नंबर कसा दाखवायचा, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

अश्वजितनं नाल्यातला दगड उचलला आणि व्यंकटीच्या तोंडावर मारला. व्यंकटीनं हात वर केले नाहीत. दात तुटून जिभेवर आले. दुसरा दगड कानशिलावर बसला. तेवढ्यात खबर लागून आलेली बसम्माची पोरं नाल्यात उतरली आणि अश्वजितवर तुटून पडली.

"सोडा त्याला," व्यंकटी रक्ताच्या तोंडानं म्हणाला. "सोडा म्हणतो ना."

कुणी सोडलं नाही. त्यानंच शिकवलेल्या जागांवर टाम्या पडत होत्या, बरगडीवर, पोटरीवर, कोपरावर. तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की ही पोरं त्याची नव्हती. ही अप्पाची होती, आणि तोही अप्पाचाच.

बरगड्या बांधून अश्वजित घरी आला, तसा गुरुलिंग शाल घेऊन त्याच्या दारात गेला. व्यंकटीला बरोबर नेलं होतं, सुजलेल्या तोंडानं उंबऱ्याबाहेर उभं राहायला. गुरुलिंग खाटेवर बसला, कोंडाबाईच्या फोटोला हात जोडले, पाणी मागून प्यायला. दस्तूर सगळे पाळले.

"आईचं फार वाईट झालं. बरं, मुलगी कुठल्या क्लासला आहे हो तुमची?"

उत्तराची वाट न बघता गुरुलिंगच पुढं म्हणाला,

"आमच्या यार्डाला लागूनच की. होस्टेलही त्याच गल्लीत, नाही का? चांगलं आहे. एकटी मुलगी, परकं गाव. आमची पोरं रात्रंदिवस तिथंच असतात. लक्ष ठेवतील."

गुरुलिंगनं शाल उशाशी ठेवली आणि इस्त्री मोडू नये असा जपून उठला. उंबऱ्याबाहेर व्यंकटीनं सगळं ऐकलं होतं. त्या गल्लीतली पोरं त्यानंच शिकवलेली होती.

अश्वजित 'बुद्धप्रिया' घेऊन लातूरला आला. यार्डात मांडव घातल्यासारखी तयारी. हैदराबादचे दोन पाहुणे खुर्च्यांवर, नारळ, पेढे, पेंटर, लाल डबा. शेजारच्या क्लासच्या खिडक्या उघड्या होत्या. वर मास्तर माईकवर हृदयाचे कप्पे शिकवत होता. त्याची पोरगी बुद्धप्रिया क्लासमधून उतरून बापाजवळ येऊन उभी राहिली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. शेंबडं पोर नव्हती ती, सोळा-सतरा वर्षांची होती, आणि ती कुणाकडंच मान खाली घालून बघत नव्हती.

अप्पा उभे राहिले. "दिलेला शब्द मी मोडत न्हाई. ही गाडी आजपासून व्यंकटीची. बसम्माच्या नावाखाली चालंल, पण हिच्या कपाळावर नाव त्याच्या मनाचं." त्यांनी किल्ली व्यंकटीच्या हातात ठेवली. टाळ्या पडल्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

किल्ली हातात होती. इतक्या वर्षांची गोष्ट. गार, छोटी, दात असलेली.

पेंटरनं अश्वजितच्या हातात ब्रश दिला. अश्वजितचा डावा हात वर जात नव्हता. तो बंपरवर चढला, एका हातानं वायपर धरून.

"पेंटर," तो म्हणाला, "मी पुसल्यावर शिवगंगा लिहा. चांगल्या अक्षरात लिहा. मी ओळखतो त्या पोरीला. तोंड धुतल्यावर लई गोड दिसत होती."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर व्यंकटीला सोसला असता. हा माणूस खरंच सांगत होता. खाली त्याची पोरगी त्या नावाकडं बघत होती, स्वतःच्या नावाकडं, आणि ब्रशमधून लाल रंग बंपरवर ठिबकत होता.

व्यंकटी चाकाजवळ पडलेली टामी उचलून पुढं आला. "उतर, दादा."

"पुसतो की. घाई काय तुला."

"उतर म्हणतो."

अश्वजित उतरला. व्यंकटीनं पहिला घाव काचेवर घातला. पूर्ण काच एकदम खाली आली. दुसरा रेडिएटरवर, हिरवं पाणी फुसफुसत बाहेर आलं. तिसरा, चौथा, हेडलाइट, दरवाजा, स्टेअरिंग. कपाळाची पट्टी तेवढी त्यानं सोडली. खुर्च्यांवरचे पाहुणे उठून उभे राहिले.

"अरं येड्या," अप्पा ओरडले, "तुझीच हाय की गाडी."

"माझी हाय ना? मग फोडून राहिलोय."

त्यानं डिझेलच्या टाकीला भोक पाडलं. डिझेल मातीत पसरायला लागलं तसे पाहुणे नवे बूट उचलत यार्डाबाहेर निघाले. गुरुलिंग त्यांच्या मागं दोन पावलं गेला, परत आला आणि पोरांना नुसती मानेनं खूण केली.

पहिली टामी व्यंकटीच्या गुडघ्यावर बसली. तो खाली गेला. खाली जाता जाता त्याला अश्वजित दिसला. हातात अजून ब्रश, नाव तसंच, आणि बाजूला पोरगी.

"जा," व्यंकटी म्हणाला. "पोरीला घे आन् जा. जा की रं, काय बघतोस."

अश्वजितनं ब्रश टाकला, पोरीचा दंड धरला आणि फाटकाकडं निघाला. एका पोरानं ते पाहिलं आणि तिकडं वळला. व्यंकटीनं त्याचा पाय धरून पाडला, त्याच्या मनगटाला चावला, हाडापर्यंत. मग सगळीच पोरं पुन्हा त्याच्यावर आली. त्याला हेच पाहिजे होतं.

त्याला धंदा माहीत होता. पडलेल्या माणसाला पोरं दोन-चार मारतात आणि सोडतात, दमतात, इकडंतिकडं बघतात, दुसरं काम आठवतं. उभ्या माणसाला सोडत नाहीत. हे त्यानंच त्यांना सांगितलेलं. यार्डातून एसटी स्टँड लांब होतं. मोडक्या बरगड्यांचा माणूस आणि घाबरलेली पोरगी, जास्तच वेळ लागणार. मग गाडी लागायची, नांदेडची, ती कधी वेळेवर लागते.

म्हणून तो उठला.

क्लासच्या खिडक्यांत शिकणारी पोरं जमली होती. मास्तरनं माईक खाली न ठेवताच त्यांना जागेवर बसायला सांगितलं आणि एकेक खिडकी ओढून घेतली. टामी खांद्यावर आली, खांदा निखळला. व्यंकटी पडला. तोंडात माती आणि डिझेल गेलं. एक पोरगा धापा टाकत म्हणाला, "बास की आता. मरंल."

व्यंकटीनं चांगला हात जमिनीवर टेकला. त्याला आईवरून एक शिवी दिली, त्या पोराला आवडणार नाही अशी. आणि पुन्हा उठला.